हिमनदीच्या जागी आलेली खाडी

पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षे नोकरी केल्यामुळे पाणी दिसले की ते किती आहे, कुठून येते आणि किती सोडायचे, हे प्रश्न माझ्या मनात आपोआप उभे राहतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे आकडे ऐकत पुणेकरांचा प्रत्येक पावसाळा जातो. माझे तर सारे आयुष्य त्यातच गेले. म्हणून निवृत्तीनंतर एक मोठा प्रवास करायचे ठरले, तेव्हा ज्या पाण्याला दरवाजे नाहीत आणि जे स्वतःच्या मर्जीने सुटते ते एकदा पाहावे, असे मी सुनंदाला म्हणालो. तिने एकच अट घातली. “अहो, पण ते नीट थांबून पाहता आले पाहिजे. धावतपळत नको.” त्या एका अटीमुळे हजारो प्रवाशांची मोठी जहाजे आम्ही यादीतून काढली आणि आग्नेय अलास्काच्या खाड्यांमधून आठवडाभर फिरणारे साठ प्रवाशांचे छोटे जहाज निवडले. त्यामुळे खर्च बराच वाढला, हे आधीच सांगतो. दोन वर्षे आम्ही दुसरा कोणताही प्रवास केला नाही.

पहिला दिवस : जुनो

जुनो ही अलास्काची राजधानी असली तरी बाहेरून तेथे पोहोचणारा एकही रस्ता नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि त्यांच्या माथ्यावर बर्फाचे पठार, त्यामुळे यायचे ते विमानाने किंवा बोटीने. सिएटलला मुलीकडे चार दिवस राहून आम्ही विमानाने जुनोला उतरलो. माझी मोठी बॅग मात्र उतरली नाही. ती पुढच्या विमानाने येईल असे सांगण्यात आले, पण जहाज संध्याकाळी सुटणार होते आणि ते त्यानंतर कोणत्याही बंदराला लागणार नव्हते. पावसाचे सर्व कपडे त्याच बॅगेत होते. जहाजावर ओळख झालेल्या मिनेसोटाच्या एका निवृत्त शिक्षिकेने ही हकिगत ऐकली आणि स्वतःच्या दिवंगत पतीची जलरोधक विजार आणून माझ्या हातात दिली. ते दोघे मिळून या प्रवासाला येणार होते, म्हणून तिने ती सोबत आणली होती. काय बोलावे ते मला सुचेना. सुनंदाने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जाणाऱ्यांना पहिली सूचना त्यामुळे हीच : जलरोधक कोट, जलरोधक विजार, एक लोकरी थर आणि औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आमच्या जहाजावर मिळाले. ते मिळतात का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. छत्रीचा उपयोग होत नाही.

दुसरा दिवस : एंडिकॉट आर्म

जून महिन्यात येथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पहाटे चारच्या आत उगवतो. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर पांढरट हिरव्या पाण्यावर निळे बर्फ तरंगत होते. हिमनदीने खडक दळून केलेले पीठ पाण्यात मिसळले की त्याला हा रंग येतो. ओंजळीत पाणी घेतले तर ते ताकाच्या निवळीसारखे दिसते. गाळ हा आमच्या धरणांचा जुना शत्रू. पण इतका बारीक, पाण्यात लोंबकळत राहणारा गाळ मी कधी पाहिला नव्हता.

एंडिकॉट आर्म ही सुमारे पन्नास किलोमीटर लांबीची अरुंद, खोल खाडी असून तिच्या शेवटी डॉज नावाची हिमनदी समुद्रात उतरते. वाटेत ‘फोर्ड्स टेरर’ नावाचा फाटा लागतो. १८८९ मध्ये फोर्ड नावाचा एक खलाशी भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळी या फाट्याच्या चिंचोळ्या तोंडातून होडी वल्हवत आत गेला, आणि पाणी फिरल्यावर तोंडाशी उसळलेल्या प्रवाहात सहा तास अडकून पडला, म्हणून हे नाव. येथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत सहा मीटरपर्यंत फरक पडू शकतो, आणि तेवढे पाणी त्या अरुंद दारातून आतबाहेर करते. हे गणित मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्या वाटाड्या मुलीने घड्याळ पाहून रबरी होड्या आत नेल्या, तेव्हा दारातले पाणी तळ्यासारखे होते. परत येताना अवघ्या काही मिनिटांत त्यावर भोवरे धरू लागले होते. आत दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंचीचे उभे कातळ आणि त्यांवरून ओघळणारे इतके धबधबे, की सुनंदा म्हणाली, “श्रावणातली ताम्हिणी बर्फात नेऊन ठेवली आहे.”

दुपारी डॉज हिमनदीपुढे बर्फाच्या तुकड्यांवर सील माद्या पिल्लांना घेऊन पहुडल्या होत्या. होडी जवळ गेली की आई पाण्यात उडी मारते आणि पिल्लू एकटे पडते, म्हणून आम्ही फार दूरच थांबलो. दुर्बीण नसती तर तेथे केवळ काळे ठिपके दिसले असते. आठ पट मोठे दाखवणारी, हलक्या वजनाची दुर्बीण प्रत्येकाची स्वतंत्र असावी. दोघांत एक ठेवल्याने आमचे पहिल्या दिवशी थोडे वाजले आणि मग जहाजावरची जादा दुर्बीण मागून घेतली.

पाण्यातून काढलेला बर्फाचा एक तुकडा वाटाड्या मुलीने सर्वांच्या कानाशी धरला. त्यातून तव्यावर मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येत होता. बर्फ बनताना दाबाखाली कोंडलेली हवा तो वितळताना अशी फुटून बाहेर पडते.

तिसरा दिवस : फ्रेडरिक साउंड

या दिवसाबद्दल मी सुनंदाला घरी परतल्यापासून रोज काहीतरी विचारतो, कारण माझ्यापेक्षा तिने तो जास्त नीट ऐकला.

सकाळी आम्ही फाइव्ह फिंगर बेटावरच्या दीपगृहाजवळ होतो. १९०२ मध्ये अमेरिकेने अलास्कात उभारलेल्या पहिल्या दीपगृहांपैकी ते एक आहे. पाऊस नव्हता, वारा नव्हता. कप्तानाने इंजिन बंद केले. पाच मिनिटे काहीच घडले नाही आणि मग चारही बाजूंनी श्वास ऐकू येऊ लागले. आधी फवारा दिसायचा आणि क्षणभराने त्याचा आवाज पाण्यावरून यायचा, एखाद्या मोठ्या भात्यातून हवा सुटावी तसा. ते हंपबॅक जातीचे देवमासे होते. हिवाळ्यात ते हवाईच्या उबदार पाण्यात पिल्लांना जन्म देतात. तेथे त्यांना खायला जवळजवळ काही मिळत नाही, म्हणून हजारो किलोमीटर पोहून उन्हाळ्यात ते अलास्काला जेवायला येतात. प्रत्येकाच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते आणि तिच्यावरून संशोधक एकेका माशाला वर्षानुवर्षे ओळखतात. त्यांच्यापासून किमान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे नव्वद मीटर दूर राहण्याचा नियम आहे. आम्ही त्याहून लांब होतो. जवळ येणे किंवा न येणे त्यांच्यावर सोडले होते.

थोड्या वेळाने हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारा मायक्रोफोन, पाण्यात सोडला. डेकवरच्या ध्वनिवर्धकातून एक लांब, वर चढत जाणारी हाक आली. वाटाड्या मुलीने बोट वर केले आणि सर्वांना गप्प केले. पाण्यावर बुडबुड्यांचे एक वर्तुळ उमटू लागले, एकामागून एक, जणू कुणी खालून रांगोळीचे ठिपके टाकत आहे. खालचा देवमासा बुडबुड्यांचे जाळे विणून हेरिंग माशांचा थवा त्यात कोंडतो, दुसरा हाका मारून त्या माशांना वर पिटाळतो, आणि मग सगळे मिळून जबडे उघडून एकदम वर येतात. हाक थांबली. एक क्षण गेला. वर्तुळाच्या मध्यातून सात प्रचंड जबडे एकत्र पाण्याबाहेर आले. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आले होते. ती म्हणाली, “हाक थांबली ना, तेव्हाच मला कळले होते.” मी मात्र कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहत होतो आणि माझ्या छायाचित्रात केवळ फेस आला आहे. त्यानंतर मी कॅमेरा दोन दिवस खोलीतच ठेवला.

चौथा दिवस : बारानोफ बेट

दिवसभर पाऊस. हे बेट रशियन अमलाची आठवण देणारे नाव धारण करते. १८६७ मध्ये रशियाने संपूर्ण अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरांना विकला. वॉर्म स्प्रिंग्ज बे येथे लाकडी फळ्यांच्या पायवाटेने जंगलात चढून गेल्यावर गर्जणाऱ्या धबधब्याच्या काठाशीच गरम पाण्याची नैसर्गिक कुंडे आहेत. वज्रेश्वरीची सवय असल्यामुळे आम्ही दोघे निःसंकोच उतरलो. डोक्यावर थंड पाऊस, गळ्यापर्यंत गरम पाणी.

जेवणाविषयी येथेच लिहितो. मी मासे खातो, ही खात नाही. शाकाहाराची सूचना दोन महिने आधी दिली होती आणि आचाऱ्याने ती मनापासून पाळली, तरी चौथ्या दिवशी तिला भाताची आठवण झाली. आचाऱ्याने मऊ भात करून दिला. तिने त्यावर लोणी आणि घरून आणलेले मेतकूट घातले, आणि विजार देणाऱ्या आमच्या शिक्षिका बाईंनी चव पाहण्यासाठी म्हणून घेतलेला चमचा तीन वाट्यांवर गेला. मला रोज वेगळा सॅमन मिळाला. येथे त्याच्या पाच जाती आहेत आणि त्या हाताच्या बोटांवर शिकवतात : अंगठा चम, डोळ्याकडे दाखवायची तर्जनी सॉकाय, सर्वांत लांब मधले बोट किंग, अंगठीचे बोट सिल्व्हर, करंगळी पिंक. मत्स्यशेतीला अलास्कात कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ताटातला प्रत्येक सॅमन समुद्रातून आलेला असतो.

पाचवा दिवस : चिचागोफचा किनारा आणि आइसी स्ट्रेट

तपकिरी अस्वल ओढ्यात उभे राहून मासा पकडते, हे चित्र डोक्यात घेऊन मी होडीत बसलो होतो. प्रत्यक्षात ओहोटीने उघड्या पडलेल्या कुरणात एक मादी आणि दोन पिल्ले गाईसारखी गवत चरत होती. सॅमन ओढ्यांत चढू लागेपर्यंत किनाऱ्यावरचे कोवळे गवत हेच त्यांचे मुख्य अन्न असते, आणि आम्ही सॅमनच्या आधी पोहोचलो होतो. पाऊण तास आम्ही होडीत न बोलता बसलो. त्या मादीने दोनदा मान वर केली, वारा हुंगला आणि पुन्हा चरू लागली. मासे पकडणारी अस्वलेच पाहायची असतील तर जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये जावे. सीलची पिल्ले, लांब दिवस आणि त्यातल्या त्यात कमी पाऊस हवा असेल तर मे-जून बरा. दोन्ही एकत्र मिळत नाही.

आइसी स्ट्रेटमध्ये समुद्री पाणमांजरे उताणी तरंगत होती. कातड्याच्या व्यापाराने ती येथून पूर्णपणे संपली होती. १९६५ ते १९६९ या काळात सुमारे चारशे पाणमांजरे दूरच्या किनाऱ्यांवरून आणून सोडली, आणि आज दिसणारी सर्व त्यांचीच संतती आहे. चरबीचा थर नसल्यामुळे ती केवळ दाट केसांच्या जोरावर हे थंड पाणी सोसतात. एका आईने पिल्लाला पोटावर घेतले होते आणि ती त्याचे केस विंचरत होती.

सहावा आणि सातवा दिवस : ग्लेशियर बे

ज्यासाठी मी आलो होतो, ते हे.

राष्ट्रीय उद्यानाचे मुख्यालय खाडीच्या तोंडाशी बार्टलेट कोव्ह येथे आहे. तेथे उद्यानाची एक अधिकारी आणि हूना गावची, ट्लिंगिट या येथल्या मूळ रहिवासी समाजातली एक तरुणी आमच्या जहाजावर आल्या. दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना या खाडीत प्रवेश मिळतो आणि छोट्या जहाजांची संख्याही ठरलेली असते.

१७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकूव्हरच्या मोहिमेतील होड्या येथून गेल्या तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. किनाऱ्यात आठ किलोमीटरची एक खाच आणि तिच्यामागे बर्फाची भिंत, एवढेच त्यांना दिसले. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर येथे आले, तोवर बर्फ साठ किलोमीटरांहून अधिक मागे सरकले होते. १९१६ पर्यंत ते तोंडापासून सुमारे १०५ किलोमीटर मागे गेले. म्हणजे आम्ही दोन दिवसांत ज्या पाण्यावरून गेलो, तेथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी शेकडो मीटर जाडीचे बर्फ होते. अधिकारी बाईंनी हे आकडे सांगितले आणि मी ते वहीत उतरवले. मग ती ट्लिंगिट तरुणी बोलू लागली आणि वही बाजूला राहिली.

ती म्हणाली, त्या आठ किलोमीटरांच्या आधीचाही एक काळ आहे. तेव्हा येथे गवताळ मैदान होते, सॅमनची नदी होती आणि तिच्या पूर्वजांची गावे होती. मग हिमनदी पुढे आली. धावत्या कुत्र्याच्या वेगाने आली, असे तिच्या घराण्यांत सांगतात. लोकांना सर्व सोडून निघावे लागले आणि ते हूनाला जाऊन वसले. बर्फ मागे हटल्यावर त्यांनी या जागेला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘हिमनदीच्या जागी आलेली खाडी’ असा आहे. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्ह येथे त्यांचे पूर्वजांचे घर पुन्हा उभे राहिले. “आम्ही परत येण्यासाठी अडीचशे वर्षे थांबलो,” असे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. पानशेतसाठी गावे उठवलेल्या लोकांच्या पुनर्वसनाच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. त्या रात्री मला झोप लागायला उशीर झाला.

खाडीतून आत जाताना जंगल उलट्या क्रमाने लहान होत जाते. तोंडाशी शेवाळाने मढलेले, जुने स्प्रूस आणि हेमलॉक. मग तरुण स्प्रूस. मग आल्डरची झुडपे. मग जमिनीलगत पसरलेली ड्रायसची चटई. आणि शेवटी नुसता खरवडलेला खडक. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये येथे आखलेल्या छोट्या चौकोनी तुकड्यांवर काय उगवते याची नोंद आजही होत आहे, आणि त्याच्याच आग्रहामुळे १९२५ मध्ये ही खाडी राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित झाली. बर्फाचे ओझे उतरल्यामुळे जमीनही वर येत आहे, वर्षाला सुमारे तीन सेंटिमीटर. सर्वेक्षणाचा पक्का बिंदू म्हणून आम्ही आयुष्यभर ज्या बेंचमार्कवर विसंबलो, तो येथे स्वतःच उचलला जातो.

साउथ मार्बल बेटावर सी लायनांचा कोलाहल आणि वास दोन्ही दूरवरून आले. पिवळ्या शेंडीचे पफिन पाण्यावरून धडपडत उडाले. जॉन्स हॉपकिन्स खाडीत जाता आले नाही, कारण सीलच्या पिल्लांसाठी ती जूनअखेरपर्यंत बंद असते. याबद्दल काही सहप्रवासी नाराज होते. मला तो नियम फार आवडला.

दुपारी मार्जरी हिमनदी. दीड किलोमीटरांहून जास्त रुंद, पाण्यावर सुमारे पंचाहत्तर मीटर उंच, म्हणजे पानशेतच्या भिंतीहूनही उंच, आणि निळी. दाट बर्फ लाल रंग शोषून घेते आणि निळा परत पाठवते, म्हणून हा रंग. आमच्या आधी आलेले मोठे जहाज काही वेळाने वळून निघून गेले. आम्ही इंजिन बंद करून राहिलो. पहिल्या तासात केवळ कडकड ऐकू येत होती, दूर कुठेतरी वीज कडाडावी तशी. ट्लिंगिट लोक या आवाजाला ‘पांढरी मेघगर्जना’ म्हणतात. बहुतेक जण चहाला आत गेले. सुनंदा हलली नाही, म्हणून मीही हललो नाही. दीड तासाने भिंतीचा एक मनोरा, चांगला आठ-दहा मजली, न वाकता सरळ खाली उतरला. पूर्ण शांततेत. तो पाण्यात गेल्यावर आवाज आमच्यापर्यंत आला आणि छातीत घुमला.

आणि मग लाट निघाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाताना मी पाहिल्या आहेत. माझा हात कठड्यावर घट्ट झाला. कप्तानाने जहाजाची नाळ शांतपणे लाटेकडे वळवली, जहाज तीनदा वरखाली झाले आणि लाट मागे निघून गेली. सुनंदाने माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता माझ्या मुठीवर हात ठेवला.

त्या संध्याकाळी तिने हिशेब केला : अलास्काची वेळ आपल्याहून साडेतेरा तासांनी मागे, म्हणजे पुण्यात तेव्हा सकाळ. पालख्या हडपसरच्या दिशेने निघाल्या असतील. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातून वारकऱ्यांना चहा देणे चुकले होते. डेकवर, त्या निळ्या भिंतीसमोर उभी राहून तिने हलक्या आवाजात एक अभंग म्हटला. शिक्षिका बाई जवळच होत्या. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

आठवा दिवस : पुन्हा जुनो

बॅग हॉटेलात आमच्याआधी येऊन बसली होती, कुलूपही न उघडलेली.

निघण्यापूर्वी शेवटच्या काही सूचना. या खाड्या बेटांच्या आडोशाला असल्यामुळे समुद्र लागण्याचा त्रास आम्हा दोघांना एकदाही झाला नाही. रबरी होडीत चढता-उतरता येण्याइतके गुडघे शाबूत हवेत. सत्तरीत आम्हाला ते जमले, कारण वर्षभर आधीपासून रोज सकाळी पर्वती चढत होतो. फोन बहुतेक दिवस बंदच राहतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला खूप वेळ लागू शकतो, म्हणून तो हातात आल्यावरच जहाजाचे पैसे भरावेत. आणि विमान कॅनडातून जाणारे असेल तर त्या देशाचा व्हिसाही पाहावा.

धक्क्यावर मी विजार घडी करून शिक्षिका बाईंना परत दिली. त्यांनी ती घेतली नाही. पुण्यात पाऊस पडतो का, असे त्यांनी विचारले. पडतो, असे मी सांगितल्यावर, मग तिकडेच असू दे, असे त्या म्हणाल्या. सुनंदाने मेतकुटाचा उरलेला डबा त्यांच्या पिशवीत ठेवला आणि भातावर आधी लोणी, मग मेतकूट, हा क्रम त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतला.

परवा खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला. तीच विजार घालून मी भिडे पुलापर्यंत जाऊन आलो. पूल पाण्याखाली होता. पाणी आपल्या मातीच्या रंगाचे होते, आणि मी बराच वेळ तेथे उभा होतो.